ठणका, चमक, कळ आणि कंटाळा

"येताना घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा," असं पुण्याच्या दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. बायकोनं कपाट, फ्रिजवरचा डबा, माझी बॅग, एवढंच नव्हे तर छापखान्यातला ड्रॉवरसुद्धा धुंडाळून एक कापडी पिशवी भरली. कुठल्यातरी लग्नात मिळालेली, 'शुभविवाह' छापलेली पिशवी. साताऱ्याहून स्वारगेटपर्यंत ती माझ्या मांडीवर होती आणि दर वीस मिनिटांनी मी उठून दांडा धरून उभा राहत होतो, कारण बसणं जमत नव्हतं.

डॉक्टर बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. पत्ते लावावेत तशी सारख्या गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचली. ॲसिडिटीची, स्नायू सैल करायची, बी-ट्वेल्व्हची, डायक्लोफेनॅकची. सगळ्यात उंच चवड ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीची होती.

"ह्या दिवसाला किती?"

"दोन. कधी तीन."

"सहा," बायको म्हणाली. "कधी आठ."

तिनं कधी मोजल्या होत्या कोण जाणे. मी खाली बघत राहिलो. ही गोष्ट सप्टेंबर २०२१ ची.

दुखणं सुरू झालं होतं फेब्रुवारी २०१९ मध्ये. मी छापखान्यात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दशक्रियेच्या विधीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल. लग्नसराईत तेरा-चौदा तास खुर्चीत जातात. त्या दिवशी हमाल आला नव्हता म्हणून आर्ट पेपरचा गठ्ठा मीच उचलला आणि कमरेत उसण भरली. उसण सगळ्यांनाच भरते. शेकलं, लेप लावला, एका जाणत्याकडून पाठ चोळून घेतली. महिन्याभरात कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरली. एमआरआय झाला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली निघाली. 'नस दबलीये' हे तीन महिने मी येईल त्याला सांगत होतो, जरा अभिमानानंच. फोटोत दिसतंय म्हटल्यावर कोणी आळशी म्हणणार नव्हतं.

आधी डायक्लोफेनॅक चालू होतं. त्यानं पोटाची वाट लागली. मागे एका निसर्गमंडळाची पुस्तिका मी लावली होती, तिच्यात वाचलेलं आठवलं. गुरांना दिलेलं हेच औषध त्या गुरांच्या मढ्यांवाटे गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नसतं, पण महिनोन्‌महिने रोज घेतलं तर त्यालाही ते सोसत नाही. ते बंद झालं आणि जूनमध्ये ट्रामाडॉल सुरू झालं. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलं होतं. पंधरा दिवसांसाठीच, हे मुद्दाम सांगतो.

पहिले दोन दिवस मळमळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रेसमध्ये मी शीळ घालतोय हे मशीनवरच्या पोरानं दाखवून दिलं. पाठ थांबली होती म्हणावं तर तसंही नाही. दुखत होतं, पण ते शेजारच्या घरात भांडण चालू असावं तसं. आणि दुसरंही काहीतरी उतरलं होतं. चार महिने खांद्यावर बसलेलं, ज्याला मी नावच दिलं नव्हतं, ते. त्या संध्याकाळी मी मुलाला घेऊन राजवाड्यावर भेळ खायला गेलो.

नंतर डॉक्टर बाईंनी सांगितलं तेव्हा कोडं उलगडलं. ही गोळी अफूच्या कुळातली, पण तिला दुसरंही एक अंग आहे. नैराश्यावरच्या गोळ्या जे करतात तेच थोडंफार ती करते. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतली दोन रसायनं वाढवते. म्हणजे कमरेसाठी म्हणून घेतलेली गोळी मला न विचारता मनालाही टेकू देत होती. टेकू लागत होता हेच मला ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. त्या दिवशी पाठ अजिबात दुखत नव्हती. तरी मी निघताना गोळी घेतली. का घेतली? सासरवाडीत चार माणसांत बसायचं, 'काय म्हणते कंबर?' ला उत्तरं द्यायची, हसायचं, हे गोळीशिवाय होणार नाही असं वाटलं. ती पहिली गोळी जी कमरेसाठी नव्हती. मी ती बायकोसमोर घेतली नाही, मोरीत जाऊन घेतली. यावरून मला तेव्हाही कळत असणार.

पंधरा दिवसांची चिठ्ठी नऊ महिने पुरली. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं, तेव्हा चिठ्ठीशिवाय ते मिळता कामा नये. मिळायचं. एका मेडिकलमधला पोरगा जुनीच चिठ्ठी बघून द्यायचा, पुढे पुढे तर नुसता चेहरा बघून. दोष त्या पोराला देत नाही. मी त्याला चहा पाजायचो.

मग गुढीपाडव्याला, २५ मार्च २०२० ला, देश बंद झाला. लग्नं रद्द, पत्रिका रद्द, छापखान्याला कुलूप. मेडिकल उघडी होती, पण तो पोरगा गावी निघून गेला आणि त्याच्या जागी मालक बसले. ते म्हणाले, नवीन चिठ्ठी आणा. ओपीडी बंद. दोन दिवस मी पुरवून पुरवून घेतल्या. तिसऱ्या दिवशी संपल्या.

दुसऱ्या रात्रीपासून नाक वाहायला लागलं. जांभयांवर जांभया, अंगावर काटा, घाम, जुलाब, सगळं अंग मोडून आल्यासारखं. एप्रिल २०२० मध्ये वाहतं नाक घेऊन घरात बसणं म्हणजे काय, ते ज्यानं त्यानं आठवावं. आईला माजघरात हलवलं. माझं ताट उंबऱ्याच्या आत सरकवून बायको मागे व्हायची. मुलगा दाराच्या फटीतून बघायचा. मला ताप नव्हता. पाय स्थिर राहत नव्हते. रात्रभर मी गादीवर टाचा घासत होतो. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. आणि भीती! कशाची ते सांगता येणार नाही, नुसती भीती. घरच्यांना वाटत होतं कोरोना. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं की हा कोरोना नाही, आणि तरी मी बोललो नाही. 'गोळी सुटली म्हणून असं होतंय' हे सांगण्यापेक्षा कोरोनाचा संशय बरा वाटला. ती आठ दिवसांची लाज अजून गेलेली नाही.

नवव्या दिवशी एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर चिठ्ठी पाठवली आणि मी पुन्हा सुरू केल्या. दोनावरून चार, चारावरून सहा. दुखणं मात्र आधीपेक्षा वाढलेलं. अफूच्या कुळातली औषधं लांबत गेली की काही जणांच्या नसा उलट जास्तच हळव्या होतात, हे मला पुढे दीड वर्षानं समजलं. तेव्हा मी एवढंच धरून बसलो होतो की दुखणं वाढलंय, म्हणून गोळी वाढवायची.

त्या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तेच त्याचं स्वरूप होतं. मी उठायचो, खुर्चीत बसायचो, झोपायचो. दोन-दोन दिवस आंघोळ नाही. मुलाचं ऑनलाइन शाळेतलं काहीतरी पाठांतर चालायचं, त्याचा राग यायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लग्नं जरा सुरू झाली तेव्हा एका पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांच्या जागी १२ वाजून ५३ मिनिटं असा गेला. दोन प्रुफं माझ्या हाताखालून गेली होती. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मुलीचे वडील पत्रिका हातात घेऊन उभे होते, ओरडलेसुद्धा नाहीत. मालकांनी पुन्हा छापून दिल्या. मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलो. चूक गोळीच्या गुंगीनं झाली, दुखण्यानं लक्ष उडालं म्हणून झाली, की मला काहीच वाटेनासं झालं होतं म्हणून झाली, हे मी आजही सांगू शकत नाही.

'मी नसलो तर विम्याचे पैसे येतील आणि घर सुटेल' हा हिशेब मी त्या काळात बऱ्याच वेळा मांडला. दुःखानं नाही, वाण्याच्या वहीत मांडतात तसा. कोणाला सांगितलं नाही. आता मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. असता तर मी लावला असता का? बहुतेक नसता. पण बायकोनं लावला असता.

पुण्याचा पत्ता तिनंच काढला. दुखण्याचा दवाखाना. तिथल्या डॉक्टर बाई मूळच्या भूलतज्ज्ञ, आणि आपल्याकडे या दुखण्याच्या विषयात बरेच जण भूल देण्याच्या शाखेतूनच आलेले असतात. गोळ्यांची चवड बाजूला करून त्यांनी विचारलं, "दुखतं म्हणजे कसं दुखतं?"

हा प्रश्न मला आवडला. भाषेवर तर माझं पोट आहे. मी सांगत सुटलो. बसलो की ठुसठुसतं. उठताना चमक मारते. पोटरीत ओढ, पायाच्या बोटांत मुंग्या, टाचेत चुरचुर. रात्री ठणका. थंडीत कंबर आखडते. शिंकलं की सणक जाते ती थेट घोट्यापर्यंत. एकदा ऊन लागून आल्यासारखं नुसतंच भणभणत होतं. बाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, मेलझॅक नावाच्या शास्त्रज्ञानं १९७५ मध्ये दुखण्याच्या शब्दांची एक प्रश्नावली केली, तिच्यात ७८ शब्द आहेत. तुमची मराठी त्याला भारी पडेल.

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि मन?"

मी म्हणालो, "कंटाळा येतो."

"अजून?"

अजून काही नव्हतंच. मी खरोखर शब्द शोधत होतो. दहा-बारा शब्द मी कमरेवर उधळले होते आणि इथे एकच निघाला, तोही पावसाळ्यात रविवारी दुपारी वापरायचा. बायको रडायला लागली. मला तिचा राग आला.

त्यांनी एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत पुढील गोष्टींचा त्रास किती वेळा झाला? नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चार रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. मी खिशातलं पेन काढलं आणि आधी 'निराष' चा पोटफोड्या ष काढून श केला. मग 'झोपे संबधी' जोडलं आणि वर अनुस्वार दिला. तिसऱ्या प्रश्नापर्यंत प्रूफ तपासून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "उत्तरंही द्या."

बेरीज सतरा आली, सत्तावीसपैकी. दहाच्या पुढे गेली की डॉक्टर कान टवकारतात. पण बाईंनी नुसत्या बेरजेवर बोट ठेवलं नाही. म्हणाल्या, झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं हे तर दुखण्यानंही होतं, गोळीनंही होतं. मला पहिले दोन प्रश्न बघायचेत. कशातही रस न वाटणं आणि उदास वाटणं. दोन्हीला तुम्ही 'जवळजवळ रोज' म्हटलंय. आणि नववा. नववा प्रश्न जगण्या-मरण्याचा असतो. तिथे मी 'काही दिवस' वर खूण केली होती, खोडली होती आणि परत केली होती. त्यांनी बायकोला बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं. काही ठरवलंय का, घरात काय काय आहे, गोळ्या कुणाच्या ताब्यात राहतील. अडीच वर्षांत एक हाडांचे डॉक्टर, एक न्यूरोसर्जन, दोन फिजिओ, पण हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. पिशवी त्या दिवसापासून बायकोच्या ताब्यात गेली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर हाडांच्या डॉक्टरांनी मला रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम लिहून दिलं होतं. छापील कागद दिसला की मी वाचतोच, तसा त्या पाकिटातला कागद वाचला. नैराश्यावरचं औषध! म्हणजे यांना वाटतंय मी ढोंग करतोय, दुखणं माझ्या डोक्यात आहे. पाकीट गटारात टाकलं आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढलो नाही. वस्तुतः नसांच्या दुखण्यावर ते औषध फार जुन्या काळापासून देतात, आणि नैराश्याला लागतो त्याच्या कितीतरी कमी डोसात. त्यांनी एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. आणि मी एवढं एक वाक्य विचारायला हवं होतं.

बाईंनी मला माझ्याच धंद्यातून समजावलं. "मजकूर पायातून येतो, खरा असतो. पण तो बारीक छापायचा की ठळक, हे वर ठरतं. मेंदूकडून कण्यात खाली जाणाऱ्या काही तारा असतात, त्या दुखण्याचा टाईप लहान करतात. त्या ज्या दोन रसायनांवर चालतात, तीच मनाच्या उदासीतही गुंतलेली आहेत. उदासीत त्या तारा ढिल्या पडतात, सगळं बोल्डमध्ये छापलं जातं. आणि रोज बोल्ड वाचून माणूस आणखी खचतो." मग माझा एमआरआय उजेडाला धरला. चाळिशीतल्या, ज्यांचं काहीही दुखत नाही अशा साधारण निम्म्या लोकांच्या फोटोत अशी फुगलेली गादी दिसते म्हणाल्या. माझा एवढा मोठा पुरावा, आणि तो असा निम्म्या गावाकडे असलेला!

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मी आणखी तीन आठवडे लावले. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून साताऱ्यात नको, पुण्यातच हवं, ही अट माझी. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "मी पाठीचा पेशंट आहे." ते म्हणाले, "हो, वाचलंय."

ट्रामाडॉल एकदम बंद करायचं नव्हतं. घरी रुळावर आखतो तसा तक्ता आखला. सहावर स्थिर, मग दर दोन आठवड्यांनी एक कमी. नवीन औषध ड्युलोक्सेटिन, नैराश्यावरचं, तेही तीच दोन रसायनं वाढवणारं, पण ते लगेच नाही. ट्रामाडॉल भरपूर चालू असताना वरून असं औषध घातलं तर सेरोटोनिन अति होऊन कंप, घाम, ताप, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. म्हणूनच तर पिशवी उपडी केली होती. मी 'दोन, कधी तीन' म्हणालो होतो त्यावर विसंबून कोणी चिठ्ठी लिहिली असती तर? शेवटची गोळी सुटायला संक्रांत उजाडली. शेवटच्या दोन गोळ्या सोडायला आधीच्या चारांपेक्षा जास्त जड गेल्या. ते आठवडे बायको रात्री पाय दाबत बसायची.

ड्युलोक्सेटिन २० पासून सुरू करून ६० पर्यंत नेलं. पहिले पंधरा दिवस तोंडाला कोरड, मळमळ, आणि फायदा शून्य. फोन करून मी बरंच बोललो त्यांना. पाचव्या आठवड्यात कधीतरी मी मुलाच्या विज्ञानाच्या वहीतलं शुद्धलेखन काढत बसलो होतो आणि तो वैतागला होता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आलात वाटतं."

चालण्याचा नियम फिजिओनं दिला: घड्याळावर चालायचं, दुखण्यावर नाही. आधी मी बरं वाटलं की सगळं काम उरकायचो आणि मग तीन दिवस आडवा. आता बरं असो वा नसो, सकाळी आठ मिनिटं. मग दहा. मग बारा. साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत पोचायला मे उजाडला. वर गेल्यावर खाली सगळं गाव दिसतं. मी मात्र घड्याळ बघत होतो, कारण दोन मिनिटं जास्त झाली होती.

आता ड्युलोक्सेटिन ३० वर आहे, तेही मनानं सोडायचं नाही अशी तंबी आहे. पाठ दुखते. विचारलंत तर दहापैकी चार, लग्नसराईत पाच-सहा. गठ्ठे पोरगा उचलतो. बाईंच्या दवाखान्याचा तो नऊ प्रश्नांचा कागद मी नीट लावून दिला. दुसऱ्या प्रश्नात 'कंटाळा' हा शब्द घालू का विचारलं, तर म्हणाल्या, शब्द बदलायचा नाही, ते तपासून ठरलेलं असतं. ऱ्हस्व-दीर्घ काय ते करा. केलं.

त्याची एक प्रत घरी ड्रॉवरमध्ये होती. परवा आई ओट्याला धरून उभी होती. तिचे गुडघे अकरा वर्षं दुखताहेत आणि तेवढीच वर्षं ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणते. "कंटाळा आला रं बाबा आता," ती म्हणाली. हे वाक्य ती रोज म्हणते. अकरा वर्षं आम्ही सगळे 'हं' म्हणतो.

मी तिला खुर्चीवर बसवलं, कागद काढला आणि एकेक प्रश्न वाचायला लागलो. पहिल्या दोनांना ती हसली. तिसऱ्याला म्हणाली, "झोप? म्हातारपणी कुठली झोप." नवव्याला मी आवाज खाली आणला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "किती दिवस म्हणून इचारतोयस? कधीपास्नं, असं इचार की."

मी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं. बायको आतून येऊन दारात थांबली. तिच्या हातात ती 'शुभविवाह' ची पिशवी होती.